मंदाचे पंच्याण्णव

मी पास झालो यात देवापेक्षा मंदाचे उपकार जास्त आहेत यार! अंधेरीच्या कॉलेजात आमचे स्टॅटिस्टिक्सचे सर घंटेच्या आकाराचा कर्व्ह काढायचे. वर्गाच्या सरासरीतून मार्कांचा पसारा, म्हणजे ते स्टँडर्ड डेव्हिएशन, वजा केला, की ती पासची रेघ. एकदा सगळा वर्ग तिशीच्या आसपास, मला बावीस आणि चारकोपच्या मंदाला पंच्याण्णव! मी तिच्यावर खेकसलो, "सरासरी चढवलीस, आमची वाट लावलीस!"

सर म्हणाले, "गाढवा, सरासरी जराशी चढली, पण पसारा केवढा वाढला! म्हणून रेघ खाली आली आणि तू पास झालास. पाया पड तिच्या."

मंदा म्हणाली, "पाया नको, चहा पाज."

पुढच्या परीक्षेआधी आख्खा वर्ग तिला चहा पाजत होता. "मंदा, अजून थोडा अभ्यास कर ना गं, आमच्यासाठी!"