कमलेश आणि मी एका ओळीत

...अहो पण एका ओळीत? मी आणि कमलेश? तुम्हाला सांगतो, ज्या माणसाशी मी अकरा वर्षं एक शब्द बोललो नाही, शेअर रिक्षात त्याच्या शेजारची सीट रिकामी दिसली की स्टेशनपासून बदलापूर गावापर्यंत पायी गेलोय, त्याच्याबरोबर मला कॉम्प्युटरने एका ओळीत बसवला! मला विचारलं कुणी?

भांडण साधंसुधं नाही हां! उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या पोराची वरात. घोड्याच्या उजवीकडे पहिला ट्रम्पेट, म्हणजे मी, ही आमच्या बँडची रीत. आणि हा कमलेश, दुसरा ट्रम्पेट, कॅमेरावाला दिसला तसा सरकत सरकत माझ्या जागेवर! अख्ख्या व्हिडिओत तो, आणि मी? घोड्याच्या शेपटीमागे! तेव्हापासून बोलणं बंद, चहा बंद. वाजवतो मात्र खांद्याला खांदा लावून, धंदा आहे ना!

तर झालं काय, आमच्या बँडमास्तरांची मुलगी स्वप्नाली, ती म्हणाली, "बाबा, तुमची वरातीची धून कुठे लिहिलेलीच नाही, उद्या तुम्ही सगळे गेलात तर?" गेलात म्हणजे गावाला नव्हे! मग एकेकाला अंबरनाथला घरी बोलावलं, कानाला हेडफोन, त्यात आमच्याच बँडचं मागच्या लग्नातलं रेकॉर्डिंग, आणि "काका, हे ऐकत नेहमीसारखं वाजवा." वाजवलं, जीव तोडून वाजवलं! आणि शेवटचा तो उंच सूर, ज्याच्यावर नवरदेव घोड्यावरनं उतरतो, तो असा घुमला कानात की म्हटलं, वा जयदेव, साठी आली पण छाती शाबूत आहे!

मग तिने सगळं कॉम्प्युटरमध्ये लिहिलं, इंग्रजी पद्धतीने, एकेका सुराला एक टिंब आणि टिंबाला एक काठी. सतरा वाजवणारे, सतरा ओळी, अक्षर मुंगीएवढं, मास्तरांना चष्म्यातून दिसेना. तर पोरीने एक बटण दाबलं, आणि डोळ्यांदेखत, अहो शपथ, सगळ्या ओळी एकमेकींत शिरल्या! क्लॅरिनेट सगळे एका ओळीत, आणि ट्रम्पेट... एका ओळीत!

"काका, काठी वर ती तुमची, काठी खाली ती कमलेशकाकांची." माझी वर! जरा बरं वाटलं. "दोघं सारखं वाजवता तिथे 'दोघे' लिहून येतं, तुम्ही एकटे तिथे 'एक', ते एकटे तिथे 'दोन'." मी म्हटलं, "स्वप्ने, मला वेगळी ओळ दे, नाहीतर पुढच्या लग्नाला मी नाही, ट्रम्पेट पेटीत आणि पेटी माळ्यावर!" चाळीस वर्षं वाजवतोय मी! आणि म्हटलं, "आधी दाखव, हा कमलेश कुठे कुठे आराम करतो. माझ्या जिवावर वाजतंय सगळं!"

तिने बोट फिरवलं. दोघे, दोघे, दोघे... एक. "बघ! थांबला!" "श्वास घेतला काका त्यांनी." दोघे, दोघे... दोन. "हा तुमचा श्वास." मग पुन्हा एक, मग दोन... तुम्हाला सांगतो, अख्ख्या धुनेत आमचे दोघांचे श्वास एकदाही एका वेळी नाहीत! एकदाही! मी थांबतो तिथे तो वाजवतो, तो थांबतो तिथे मी, कुठे फट म्हणून नाही. "ठरवलंय का तुम्ही?" ठरवलंय? अगं, आम्ही बोलतच नाही! अंगावर काटा आला हो माझ्या. कॉम्प्युटरला हे कळलं, आणि मला, त्याच्या खांद्याला खांदा लावून, अकरा वर्षं कळलं नाही?

आणि मग शेवटचा उंच सूर. वर लिहिलंय... 'दोन'.

मी म्हटलं, मशीन बिघडलं! तिने माझं एकट्याचं रेकॉर्डिंग लावलं. पंऽऽ... आणि फुस्स! हेडफोनमध्ये घुमत होता तो कमलेश! "काका, दातांचं काम केलंत ना, तेव्हापासून असेल." म्हणजे दोन वर्षं! दोन वर्षं शेठ लोक माझी पाठ थोपटतायत, "साईं, क्या सूर लगाया!" आणि मी मान डोलावतोय, आणि हा शेजारी खाली बघून ट्रम्पेटची तोंडी पुसतोय! मला नाही सांगितलं, ठीक, आपलं बोलणं बंद. पण मास्तरांना? कुणालाच नाही! लाज वाटली हो मला, खरंच वाटली.

वेगळ्या ओळीचं पुन्हा नाव काढलं नाही मी. तालमीला कागद आले, दोघांत एक स्टँड, दोघांत एक ओळ. मी उभा राहिलो त्याच्या शेजारी, धीर केला, खाकरलो, आता बोलायचंच... तर हा, कागदावरनं नजर न काढता, अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं?

"दातवाला बदल."

बस! एवढंच! अहो, काहीतरी चांगलं बोल की मेल्या! तर म्हणतो, "कुळगावात एक आहे, शनिवारी तुझा नंबर लावलाय. मी येतो सोबत, तू घाबरतोस."

आता काय... जातोय शनिवारी. शेअर रिक्षाने.