गळ्यावरचा हात

—हो, या कॉमिक्सवरचा शिक्का माझाच आहे. 'शालीकराम कॉमिक्स वाचनालय, राईस मिलच्या बाजूला, गोंदिया'. आता मोबाईलचे कव्हर विकून राहिलो, पण तेव्हा या भिंतीले दोऱ्या बांधल्या होत्या अन् त्यावर कॉमिक्स लटकत – दिवसभराच्या भाड्यानं. बस नं बेटा, त्या स्टुलावर, ते हलते पण पाडत नाही. दवनीवाड्याची म्हणाली नं? उमेंद्रची रिंकी. मंग आधी पाणी पे. अन् हे तुले बाबा गेल्यावर त्याच्या पेटीत भेटलं – स्वेटरच्या खाली – बरं. बाकी एकही कॉमिक्स नव्हतं? हे एकच. बरं.

का म्हणते, कॉलेजात यावर लिहून राहिली? राजा मखमलवर? नागपुरात खलनायकावर लिहू देतात का – देत असतील, दोन हजार अठरा चालू आहे. तू म्हणते, मखमलचं त्या वज्रभान हिरोवर प्रेम होतं, दुश्मनी नुसतं वरचं सोंग, अन् तुझ्या मॅडमले हे आवडलं. आमच्या इथं तर पोट्टे मखमलले बायल्या म्हणत – काजळ लावे नं तो, जांभळा कोट घाले. ट्रकवाले त्याचं पान उघडून एकमेकाले दाखवत अन् हसत. मीही हसो. दुकानात बसलं म्हणजे गिऱ्हाइकासंगं हसावंच लागते. पण तुझ्या मॅडमच्या आधी हे कोणी पाहिलं माहीत आहे? तुझ्या बापानं. धान घेऊन मिलवर ये, नंबर लागेपावेतो इथं बसे, तू बसली त्याच स्टुलावर, केसात सगळा धानाचा कोंडा – एक दिवस म्हणे, शालीक, अठरा अंक झाले, हा त्याले पकडते, बांधते, पाणी पाजते, गोष्टी करत बसते, अन् मारत काऊन नाही? मी म्हणलं, मारलं तर कॉमिक्स बंद पडन. तो हसला नाही. म्हणे, याले तो जवळ पाहिजे, अन् जवळ ठेवाची दुसरी रीत याले माहीत नाही.

शेवटल्या पानाचं विचारून राहिली नं – सांगतो, सांगतो. शेवटलं पान सगळ्यात आधी फाटे. मंग दुसरी प्रत आणाची, कार्बन ठेवून पान उतरवाचं अन् लेईनं चिपकवाचं – सगळेच वाचनालयवाले करत. तू समजली हे पान तसंच उतरवलेलं, अन् याच अंकाचं शेवटलं पान कॉम्प्युटरवर भेटलं ते खोटं. खोटं ते नाही बेटा. खरा शेवट तोच – वज्रभान त्याले दरीत ढकलते अन् गाववाले हिरोले खांद्यावर घेतात. हे पान माझं आहे. मले चित्र काढता येत नव्हतं, आताही येत नाही – सातव्या पानावर मखमल त्याचा गळा दाबते, पाहिलं का, तेच चित्र उतरवलं. फक्त हात उतरवताना कागद जरासा सरकवला. गळ्यावरचा हात गालावर आला. तेवढंच केलं मी. जिंदगीत तेवढंच केलं.

काऊन केलं? असंच. म्हणजे – तुझ्या बापाचं लग्न ठरलं होतं, नव्याण्णवच्या उन्हाळ्यात. पत्रिका द्याले आला. मी पत्रिका घेतली अन् हे त्याच्या हाती दिलं, म्हणलं वाचून वापस आण. मखमल का म्हणते पाह – 'मारना होता तो कब का मार देता। रुक जा।' अन् वज्रभानच्या तोंडाजवळचा बोलण्याचा फुगा मी कोरा ठेवला. ज्यानं भरावा त्यानं भरावा. तो आलाच नाही. दुसऱ्या हप्त्यापासून तुमचं ट्रॅक्टर बालाघाट रोडच्या मिलवर जाऊ लागलं. मी समजलो, त्याले किळस आली, चुलीत टाकलं असन. एकोणीस वर्षं मी हेच समजून राहिलो. तुझ्या आईले हे सांगू नको – चांगली बाई आहे – अन् सांगण्यासारखं झालंच का? हातही नाही लावला कधी. त्याच्या तेरवीले आलो होतो मी. पंगतीत बसलो. तेरवीत कोणी विचारत नाही कोणाचा कोण. एक पोरगी वरण वाढून राहिली होती, तूच असशीन, म्हणे काका, आणखी घ्या. घेतलं. दोनदा घेतलं. रडता येत नव्हतं, म्हणून खात राहिलो.

आण, पाहू दे. तू आली तेव्हापासून मी शिक्काच पाहून राहिलो, शेवटलं पान उघडलंच नाही, तुझ्या ध्यानात आलं नसन. चष्मा कुठं – हां. फुगा कोरा असन, दुसरं का राहणार. कोराच आहे. थांब – जरा उजेडाकडे धर. इथं कागद असा पातळ काऊन झाला? पेन्सिल होती. लिहिलं अन् खोडलं. मंग पुन्हा लिहिलं – हे पाह, या रेघेवर ही रेघ – अन् पुन्हा खोडलं. कितीदा खोडलं, बापा. भोक पडलं, माझं बोट निघून राहिलं इकडून.

तुले काही वाचता आलं का त्यात – नको. नको सांगू.

तुझ्या कॉलेजात लिही, हे पान खोटं आहे म्हणून. शेवटी तो दरीतच पडते, तसंच लिही. अन् हे ठेवून जा. नाही – घेऊन जा, त्याच्याच पेटीत ठेव, जसं होतं तसं, स्वेटरच्या खाली. त्यानं वापस केलं नव्हतं नं, मंग मी कसं घेऊ. जा बेटा, दवनीवाड्याची गाडी निघन. गिऱ्हाईक उभं आहे. – हां भाऊ, बोलो, कौन से मॉडल का कव्हर चाहिए?