त्यायची कवळी

—बोलू नका बाई, कापूस दाबून धरा. आताच दाढ काढली न् तुमी मले इचारून राहिल्या, आजी तुमाले काय झालं! मीच सांगते. मी शकुन, अचलपूरची, भाजीचा मळा हाय आमचा. सून रूपाली खाली औषधीच्या दुकानात गेली, येईनच आता. मले काय झालं? जबड्याचं हाड झिजलं. डॉक्टरनीनं फोटो दाखवला — खालचं हाड कपाशीच्या वायल्या पराटीच्या काडीवानी. काई कडक चावलं तं मोडन म्हने. भाकर का मऊ असते काय?

तं उपाय हाय म्हने. एक — हाडाची पूड भरायची, मंग कितीक महिने थांबायचं, मंग स्क्रू ठोकून दात. मी इचारलं, पूड कोनाच्या हाडाची? तं म्हने, कोन्या मेलेल्या मानसानं दान देलेली असते, साफसूफ करून. नाव? नाव नसते म्हने. मले हासूच आलं — काहून आलं ते सांगते पुढं. दुसरा उपाय, वरच्या जबड्याले गालाच्या हाडापर्यंत लांब स्क्रू — नको माय, डोया तिथंच हाय. तिसरा — हनुवटीजवय थोडं हाड उरलं, तिथं दोन बारके स्क्रू, न् वरून नवी कवळी, बटनावानी टक्कन बसते. हे पटलं मले. पन अट हाय — ही जुनी कवळी आजपासून घालायची नाई. आजच, पुन्हा नंबर आला की डबीत काढून द्या म्हने, हिच्यानंच हाड गेलं. ही तुमच्या मापाची नाई आजी, कोनाची हाय?

काय सांगू? घरचीच हाय म्हनलं तिले. तुमाले सांगते, तुमी कुठं बोलून राहिल्या. ही यायची हाय. आमच्या किशोरच्या बाबाची, म्हंजे रूपालीच्या मामाजीची. गेले तवा तोंडातून काढून ठेवली. बाकी समदं कौंडण्यपूरले नदीत सोडलं, ही वाटीत राहून गेली. किशोर म्हने, फेक. फेकते काय? रोज पानी बदलवत होती मी. आमचा कुत्रा टिप्या — हे गेल्यापासून फाटकात पडून, भाकरीले तोंड लावे नाई. माये तं दात पयलेच गेलते. एक दिवस काय मनात आलं — घातली तोंडात. ढिली होती, कापूस कोंबला. न् हाक मारली, 'अबे टिप्या, ये साल्या!' बाई — आवाज त्यायचा! तसाच, दातातून हवा सुटे तसा. कुत्रं उठलं, शेपटी हालवत आलं, माया पायाजवय बसून भाकर खाल्ली. मी लय रडली वो. तवापासून काढली नाई. हिरडी सोलून निघे, तरी नाई.

मंग बोलनं बी त्यायचंच होऊन राहिलं. मळ्यात निंदनाऱ्या बायाले शिव्या — मी जन्मात देल्या नाई — ह्या तोंडातून निघतेत. परवा मीठ कमी म्हनून ताट सरकवलं, रूपालीचं तोंड उतरलं, न् मीच दचकली — कोनं सरकवलं हे? जित्तेपनी त्यायनं मले दोन शब्द बोलू देल्ले नाई. आता तं तोंडच घेतलं. डॉक्टरनीले इचारलं, हाड गेलं कुठं? अंगातच जिरते म्हने. मले वाटते, त्यायनं खाल्लं. भेव वाटते बाई. काढून फेकावं वाटते. न् काढली तं — त्या घरात त्यायच्या आवाजानं हाक मारनारं कोन उरते? टिप्या बी मेला मागच्या साली. आता कोनासाठी घालतो मी? — घालते. घालते म्हनली मी. तुमी काय आयकलं?

—हो, आयकलं, नंबर आला. आली काय रूपाली? वो नर्सताई, ती डबी तिकडंच ठेवा. नाई म्हनलं ना. आज नाई, उद्या नाई. मोडलं तं मोडू दे हाड. सरका बाई, वाट द्या — न् माया तोंडाकडं काय पाहून राहिल्या? रूपाली, पिशवी उचल. चाल घरी. तुया मामाजीच्या जेवाचा टाइम झाला.