तिसरा हिस्सा

दीना : नको म्हटलं ना, मावशी. बाळ आत्ता कुठे झोपलंय, आणि साडेचारच्या गाडीने मला हे पत्र मुंबईला पाठवायचंय. पुस्तकंबिस्तकं काही नकोत आम्हाला.

मनकर्णा : पुस्तक नका घेऊ, बाई. येवढं तरी सांगा, ह्या चौकटीला ही तिरपी पेटी काहून ठोकली? वसमत टेशनाच्या क्वार्टरांत मी धा वरसं फिरून राहिले. मागल्या मास्तराच्या वक्ताला नव्हती ही.

दीना : तिच्यात आमच्या देवाचं वचन आहे. हात लावू नका.

मनकर्णा : न्हाई लावत. कोनता देव? मुसलमान का तुमी?

दीना : नाही.

मनकर्णा : हिंदू म्हणावं तर कपाळ मोकळं. पर गळ्यात पोत हाय, बांगड्या हिरव्या हायेत.

दीना : हिंदूही नाही.

मनकर्णा : मंग आमच्यातल्याच की! किरिस्ती! आन् मला इतका वेळ उंबऱ्याच्या भायेर उभं केलं व्हय?

दीना : ख्रिस्तीही नाही, मावशी.

मनकर्णा : आता राहिलं कोन? शीख तर नव्हं? नांदेडला लई हायेत.

दीना : आम्ही बेने इस्राएल. यहुदी. झालं समाधान? अहो, पायऱ्या का उतरताय? रागावलात?

मनकर्णा : थांबा जरा. चपला काढते.

दीना : ओसरीत चपला चालतात आमच्याकडे.

मनकर्णा : मला न्हाई चालत. यहुदी? म्हंजी पुस्तकातले?

दीना : पुस्तकातले कसले, अलिबागजवळच्या झिराडचे. आमचे हे इथे छोटे स्टेशन मास्तर आहेत. चार महिने झाले बदली होऊन.

मनकर्णा : चार महिने! दर मंगळवारी मी ह्या रस्त्यानं हट्ट्याला जाते. आन् अब्राहामाची लेक हितं बसून भाकर थापून राहिली! त्याच अब्राहामाची ना?

दीना : त्याच. निदान घरात तसंच सांगतात.

मनकर्णा : मला वाटलं तुमी समदे जुन्या काळातच सरले. मोशे, दावीद, तसे. कुनी जित्तं आसंल, साडी नेसत आसंल, असं मनातच आलं न्हाई. बाई, माझं नाव मनकर्णा. पाद्रीसाहेबांनी पाण्यात बुडवून मार्था ठेवलं, पर मार्था म्हणून हाक मारली तर मी मागं वळून बी पाहत न्हाई.

दीना : मी दीना. पण बोला जरा हळू.

मनकर्णा : मपल्या बापाला गावात हिरीवर चढू देत नव्हते. पाद्रीसाहेब म्हणले, आता तू अब्राहामाची लेक झालीस. मी तवापासून मनात म्हणते, मी तर मानलेली लेक. खरी कशी दिसत आसंल? अशी दिसते व्हय! डोळ्यांखाली काळं, अन् खांद्यावर दुधाचा डाग!

दीना : रात्रभर झोपला नाही हो हा. दात येतायत. आणि त्याच्या टाळूला हात नको, अजून मऊ आहे.

मनकर्णा : न्हाई लावत. लांबूनच पाहते. तुमाला देवाची बोली येती?

दीना : हिब्रू? छे. पूर्वजांचं जहाज फुटलं, सात बायका नि सात पुरुष किनाऱ्याला लागले, पोथ्या बुडाल्या, अशी आमच्यात गोष्ट आहे. पुढे तेल गाळून पोट भरलं. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे.

मनकर्णा : देवाची मानसं तेल गाळत व्हती?

दीना : देवाच्या माणसांनाही भूक लागते, मावशी. सगळं विसरलो, एक ओळ तेवढी राहिली. बाळ जन्मताना तीच, माणूस जाताना तीच.

मनकर्णा : मला ऐकवा. एकदाच. मंग मी जाते.

(दीना डोळ्यांवर हात ठेवून हिब्रूतली ती ओळ म्हणते.)

मनकर्णा : काटा आला बघा अंगावर. समजलं तर काईच न्हाई.

दीना : मलाही शब्दन् शब्द कुठे समजतो? पण बाळाला निजवताना रोज म्हणते.

मनकर्णा : एक इचारू? हसू नका. आमी मराठीतून प्रार्थना करतो. त्याला समजत आसंल ना?

दीना : मीसुद्धा मराठीतूनच करते. बाळाला ताप चढला की हिब्रू कुठली सुचायला!

मनकर्णा : मंग बरं झालं. लई दिसांची फिकीर गेली. मिशनातल्या गोऱ्या मिसबाई म्हणायच्या, शेवटाच्या आदी एलिया येनार. तोच, जो आगीच्या रथात बसून वर गेला. तुमी बी त्याची वाट पाहता?

दीना : पाहतो की. पोहे, गूळ, खोबरं कालवून त्याच्या नावाने मलिदा करतो. पण तो आमच्याकडे एकदा येऊन गेलाय.

मनकर्णा : कुठं?

दीना : कोकणात. आमच्या बाजूला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आहे. लग्न झाल्यावर आम्ही जोडीने गेलो होतो. मी हात लावून पाहिलाय.

मनकर्णा : हाताला कसं लागतं?

दीना : गार. भर उन्हातला खडक, आणि ती खूण गार. मी कॉलेजात शिकलेली बाई, पाण्याने दगड झिजतो हे मला कळतं. तरी हात काढवेना. यांनी दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

मनकर्णा : मंग वक्त आला! बराबर आला!

दीना : कसला वक्त?

मनकर्णा : मिसबाईनं आमाला कापडावर जगाच्या सात काळांचे सात गोल काढून शिकवलं व्हतं. सहावा गोल तुमचा. यहुदी आपल्या मुलखात माघारी जातील. ते गेले की प्रभू येनार, मंग कबरा उघडनार. मागल्या महिन्यात हिंगोलीच्या सभेत पाद्रीसाहेबांनी सांगितलं, रेडिओवर आलं म्हनं, दोन हजार वरसांनी यहुद्यांचं राज झालं. समदी सभा रडली, बाई. मी उठून इचारलं, आता काय राहिलं? ते म्हणले, राहिलेले गेले की झालं. आन् राहिलेले हितं हायेत, टेशनाच्या क्वार्टरात! तुमी कवा जाता?

दीना : तुम्हाला कोणी सांगितलं आम्ही जाणार म्हणून?

मनकर्णा : कुनी न्हाई. पुस्तकानं.

दीना : हे पत्र त्याचंच आहे. मुंबईहून माझे दीर विचारतायत, तिघांची नावं नोंदवू का म्हणून. यांचं मन केव्हाच गेलंय तिकडे. मला म्हणाले, पण उत्तर तू लिही, तुझ्या हातचं 'हो' असल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. चार दिवस झाले, 'भावोजींस सलाम' याच्या पुढे पेन सरकत नाही.

मनकर्णा : काहून?

दीना : तिथे लढाई चाललीय, मावशी. रोज पेपरात वाचते. पाच महिन्यांचं पोर छातीशी धरून कुठे उतरू मी?

मनकर्णा : हितं बी रझाकार हायेतच की. परवा आखाडा बाळापूरकडची मानसं बैलगाड्या भरून सरहद्दीकडं गेली.

दीना : म्हणून तर 'नाही' हेही लिहवत नाही.

मनकर्णा : 'हो' लिवा, बाई. तुमच्या पाया पडते.

दीना : अहो, हे काय! उठा आधी! माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. मी गेले काय, राहिले काय, तुम्हाला त्याचं काय?

मनकर्णा : माझी सेवंता हाय ना.

दीना : कोण सेवंता?

मनकर्णा : लेक. आसनेच्या काठाला आमचं किरिस्ती कबरस्तान हाय, तिथं. पटकीत गेली. सकाळी खेळत व्हती, दिवे लागायच्या आत गेली. चार वरसांची. बारा वरसं झाली त्याला.

दीना : अरे देवा.

मनकर्णा : मिसबाई म्हणल्या, कबर उघडंल तवा तुझी तुला माघारी भेटंल. मी इचारलं, चारची का सोळाची? त्यांना बी सांगता आलं न्हाई. म्हून मी दोन परकर शिवून ठेवले, एक लहान, एक मोठा. हसता का?

दीना : नाही हो. हसत नाही.

मनकर्णा : तवापासून रोज झुंजूमुंजू झालं की मी गुडघ्यावर बसते. देवा, यहुद्यांना त्यांच्या घरी ने. माझ्यासाठी काई मागत न्हाई. नुसतं तुमच्यासाठी मागते.

दीना : बारा वर्षं? मी तेव्हा शाळेत होते. झिराडला चिंचा वेचत होते.

मनकर्णा : आसाल. तुमाला वळखत नव्हते, पर तुमच्याच साठी.

दीना : या गावात चार महिन्यांत आम्हाला धड नावाने कोणी ओळखत नाही. कोणी पारशी म्हणतं, कोणी गोरा साहेब बाटलाय म्हणतं. आणि इथेच जवळपास कोणीतरी रोज उठून... हे मी यांना कसं सांगू, मावशी?

मनकर्णा : बोलू नका. लिवा.

दीना : थांबा. आधी मला एक सांगा. त्या कापडावर सहाव्या गोलाच्या पुढे आमचं काय होतं, ते काढलं होतं?

मनकर्णा : तुमचं? तुमी प्रभूला वळखता. तुमचे डोळे उघडतात.

दीना : सगळ्यांचे?

मनकर्णा : तसं कवा इचारलं न्हाई मी.

दीना : थैलीत ते जाडं पुस्तक आहे ना? द्या इकडे. मी मिशनच्या कॉलेजात होते, त्याचा तास सक्तीचा असायचा. हे पान तिथे शिकवलंय मला. वाचता येतं तुम्हाला?

मनकर्णा : बोट लावून येतं.

दीना : मग लावा बोट. इथून.

मनकर्णा : समद्या देशात... दोन हिस्से... कापले जातील... मरतील. तिसरा... तिसरा उरंल. हे तर तुमच्याच संदेष्ट्याचं हाय, बाई!

दीना : आमच्याच. माझे वडील म्हणायचे, हे फार जुन्या दुःखाचं रडणं आहे, सांभाळून वाचावं. तुमच्या साहेबांनी ते उचलून पुढे ठेवलं. आम्ही परत गेल्यानंतरच्या दिवसांत, तीन यहुद्यांत दोन मरणार म्हणून. आमचे प्रोफेसर फळ्यावर आकडे मांडत होते आणि मी बाकावर बसून ऐकत होते. वर्गात यहुदी मी एकटीच.

मनकर्णा : आमच्यात हे पान कुनी मोठ्यानं वाचलं न्हाई.

दीना : तीन वर्षांपूर्वी ती मोठी लढाई संपली ना? तिकडे गोऱ्या मुलखात आमच्या लोकांची गावंच्या गावं मारली. बायका, तान्ही मुलं. अजून मोजदाद संपली नाही. आणि आता तुम्ही म्हणता, जा, तिथे आणखी दोन हिस्से द्यायचे राहिलेत.

मनकर्णा : मी असं न्हाई म्हणलं.

दीना : नाही म्हणालात. तुम्ही फक्त आमची वाट पाहताय. सगळेच पाहतात. आम्ही पोचलो की पुढचं दार उघडतं. पण मावशी, दारात कोण चिरडलं, ते बघायला कोणी थांबत नाही.

मनकर्णा : तुमच्या घरात तिघंच का?

दीना : तिघंच.

मनकर्णा : तुमी, मास्तर, आन् हे. तिघांत दोन म्हंजी...

दीना : बोटं मोजू नका! कृपा करा.

मनकर्णा : दोन गेली, तर उरनारा कोन?

दीना : म्हटलं ना, नका मोजू! चार दिवस मी दुसरं काय करतेय? मी गेले तर याला दूध कोण देईल? हे गेले तर मी याला कुठे घेऊन जाऊ? आणि हा... तिसरं मांडतच नाही मी. तिथे पेन थांबतं.

मनकर्णा : मला ठाऊक हाय तिसरं. मी त्यातच राहते.

दीना : चुकलं माझं. ओरडायला नको होतं.

मनकर्णा : न्हाई, बराबर बोललात. बारा वरसं गुडघे टेकून मी हे मागून राहिले व्हय? माझं लेकरू उठावं म्हून दुसरीचं? देवानं ऐकून घेतलं आन् मला बोलला बी न्हाई.

दीना : तुम्हाला माहीत नव्हतं.

मनकर्णा : मिसबाईला ठाऊक आसंल ना?

दीना : असेल. त्याही कोणाच्या तरी भेटीची वाट पाहत असतील.

मनकर्णा : उठलं बघा लेकरू. माझ्याकडं पाहतंय. डोळे केवढाले!

दीना : ये रे, ये. भूक लागली? घ्या ना थोडा वेळ. मी पदर नीट करते.

मनकर्णा : मी? मी घेऊ? हात पुसू द्या. अगं बाई, किती जड हाय! नाव काय?

दीना : बेन्यामीन. घरात बन्या. पाठ धरा, पाठ धरा त्याची.

मनकर्णा : धरली. बन्या! अरे, माझी बांगडी तोंडात घालतोय हा. पुस्तकातल्या मानसांच्या तोंडातून लाळ गळती व्हय रे?

दीना : मावशी, गाडीला तासभर राहिला. मी काय लिहू?

मनकर्णा : मला नका इचारू. मी लोभी बाई हाय.

दीना : तरी सांगा. इथे मला दुसरं विचारायला कोणी नाही.

मनकर्णा : जावं वाटलं तर ह्याच्यासाठी जा. राहावं वाटलं तर ह्याच्यासाठी राहा. कुनाच्या कापडावरचा गोल भरायला जाऊ नका. माझ्यासाठी तर न्हाईच न्हाई.

दीना : आणि सेवंता?

मनकर्णा : ती लई शहाणी हाय. थांबंल.