एकच स्क्रू लावा

मी सावद्याचा, सोनाराच्या घरचा. बापाचा हात बारीक, माझा त्याहून बारीक, पन गावात दागिन्याचं काम पुरेना म्हनून जळगावले दातांच्या लॅबमधी आलो, कवळ्या करायले. तिथं धुळ्याचा सलीम भेटला. एकाच उस्तादाजवळ शिकलो, एकाच डब्यात जेवलो, आन काय सांगू तुम्हाले, पहिल्या दिवसापासून त्याच्यावर जळलो.

नव्वदनंतर आमचे डॉक्टर जबड्याच्या हाडात धातूचे खुंट रोवायले लागले. त्या खुंटांवर स्क्रूनं बसंल अशी पट्टी आम्ही ओतायची, तिच्यावर दात. पहिलं काम एका मास्तरीनबाईचं, पाच खुंटांचं. मी पट्टी एकसंध ओतली, चकचकीत. धातू थंड होताना आकसतो, ते मले का ठाऊक नव्हतं? एका टोकाचा स्क्रू आवळला की दुसरं टोक केसभर उचलायचं. सलीम म्हने, नाना, काप तिले, तुकडे तोंडात बसवून तिथंच चिकटवून घे, मंग बाहेर काढून झाळ दे. मी म्हटलं, सोनाराचं ओतकाम कापत नसतात, तुमच्या धुळ्यात कापत असतील. खरं सांगू, त्यानं सांगितलं म्हनूनच कापली नाही. पाचही स्क्रू जोरानं आवळले, फट दाबून टाकली, डॉक्टर म्हने, वा!

वरीसभर बाई कळण्याची भाकरी चावून जेवली. मंग एक स्क्रू तुटला, हिरडी सुजली. गाल धरून बसलेली बाई मलेच म्हने, भाऊ, मीच काही कडक खाल्लं असंल. डॉक्टरनं काम सलीमले दिलं. त्यानं पट्टी कापली, झाळली, तोंडात ठेवून एकाच टोकाले स्क्रू लावला, दुसरं टोक हललं नाही. आन डॉक्टरले म्हने, जबड्याच्या मापाचं प्लास्टरच फुगलं असंल, म्हनून फट पडली. माझं नावच नाही घेतलं. तुम्ही म्हनाल मोठं मन, पन त्यानं चारचौघांत शिवी दिली असती तर बरं झालं असतं, सुखानं जळायचीबी सोय ठेवली नाही मेल्यानं.

आता माझेच खालचे दात गेले. पट्टी कोनाकडून करू? सलीमकडूनच केली. बसवताना डॉक्टरले म्हटलं, एकच स्क्रू लावा, आन आरसा धरून बसलो. टोक हललं नाही. तरी रोज जेवन झालं की जीभ पट्टीखालून फिरवतो, कुठं फट लागते का पाहतो. अजून लागली नाही. अल्ला त्याचा हात असाच ठेवो, मी मनापासून म्हनतो, पन जीभ काही ऐकत नाही.