मनूला न्यायचं होतं

"हॅलो?... कोन?... थळवरून? कोन प्रणाली?... अगंबाय, मनूची सून! बोल गं, बोल."

सखुबाईनं भुईआवळ्याच्या जुड्या बाजूला सारल्या आणि ओटीवर फतकल मारली. पालीकडच्या या डोंगरगावात एके काळी कावीळवाली सखुबाई कुठं राहते, हे विचारत माणसं यायची. आता गावात आरोग्य उपकेंद्र झालं होतं, मुलगा पनवेलला गेला होता आणि फोन वाजलाच तर जाहिरातीचा.

"कावीळ? मनूला?... डोळे पिवळे… व्हय, व्हय… देते की औषध! तू कशाला येतेस, मीच येते यष्टीनं. र्‍हाते चार दिस. मनूशी बोलून किती… काय म्हनलीस?... दिसभर झोपते?... थांब, थांब. उठवली तर काय करते?... बरळते?"

तिनं हातातला जुडीचा दोरा खाली टाकला. कावीळ झालेलं माणूस बरळायला लागलं की आपलं औषध द्यायचं नाही, हे तिच्या सासूनं तिला सर्वांत आधी शिकवलं होतं. पाल्याची ओळख त्यानंतर.

"प्रणाली, माजं औषध न्हाय चालायचं… अगं ऐक ना! तिला आत्ताच्या आत्ता अलिबागला ने, सरकारी दवाखान्यात… तुजा राहुल ड्युटीवर? मग शेजारच्या कुनाची रिक्षा… दादूची हाय? त्याला बोलव… म्हनू दे गं तिला, सखूचंच पायजे म्हनून! मी न्हाय म्हनते ना… खाटंवरनं उठत न्हाय?... फोन लाव तिच्या कानाला. लाव."

पलीकडे बांगड्या वाजल्या, मग जड श्वास ऐकू आला. सखू-मनूचं माहेर एक, नागाव. उंबर्‍याला उंबरा लागून.

"मनू… मी सखू… न्हाय गं, आई न्हाय. आई कवाच गेली… सखू. नागावची… न्हाय ओळखलंस?"

सखुबाईनं पदर तोंडाशी धरला. एवढ्या दिवसांनी फोन आला, आणि मनूला ती आठवत नव्हती. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज दटावणीचा झाला होता, मनूची आई बोलायची तसा.

"व्हय. आईच बोलते… रडू नको. ऊठ बघू. सुनेसंगती जायचं… सुई टोचतील, टोचू दे… व्हय गं, मी येते ना मागनं… पाय खाली सोड. सोडलास?... शानी माजी बाय ती…"

फोनमधून रिक्षा आल्याचा आवाज आला. हाका, खाटेची करकर, मग कुणीतरी दार आपटलं.

"प्रणाली, डोकं मांडीवर घे तिचं. आनि डॉक्टरला पयलं सांग, बरळते म्हनून… हां… न्हाय, न्हाय, फोन कानालाच राहू दे. मनू, बोल तू… ऐकतेय मी, आई हाय हितंच… निघालात?... मनू?... हॅलो?... हॅलो?"

फोन कट झाला होता. तिनं पुन्हा लावला, लागेना.

दुपारची यष्टी अजून यायची होती. सखुबाईनं लुगडं सारखं केलं, दाराला कडी घातली आणि रस्त्याला लागली. वाटेत कुणी विचारलं असतं, तर मनूकडे निघाले म्हणून तिनं सांगितलं असतं. थांब्यापर्यंत कुणी भेटलं नाही.