खंड तिसरा, बांधणीला

आजच्या या समारंभाचे माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सदस्य, उद्यापासून ग्रंथपालाची खुर्ची सांभाळणाऱ्या ताई, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले वाचक बंधुभगिनी, आणि भाषणं आवडत नाहीत हे माहीत असूनही ज्यांना आज आपण सहा भाषणं ऐकवतो आहोत, त्या निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल बाई,

मला माइकची सवय नाही. चाळीस वर्षं मी या वाचनालयाची पुस्तकं बांधतो. बाइंडरचं काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर पानं सगळ्यांच्या मांडीवर पडतात. आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीचे गोडवे गायले, ते रास्तच आहेत. मी मात्र त्यांच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी माझ्या एका चोरीची कबुली देणार आहे. अध्यक्षमहोदय, दचकू नका. चहा निवायच्या आत आटपतो.

आज ज्याच्या त्याच्या खिशात इंटरनेट आहे. त्या काळी आपल्या सबंध वाचनालयात एकच कॉम्प्युटर होता, संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात, बाईंनी स्वतः शिवलेल्या कापडी झाकणाखाली. फोनची लाइनही एकच. नेट जोडलं की फोन बंद, फोन उचलला की नेट बंद. जोडताना तो कसा आवाज करायचा, आठवतं? आधी किरकिर, मग शीळ, मग पत्र्यावर खडे ओतल्यासारखी खरखर. अभ्यासिकेत एरवी टाचणी पडली तरी डोळे वटारणारी माणसं त्या आवाजाला माना वर करून म्हणायची, "लागलं, लागलं!" आता नेट लागल्याचा आनंद कुणाला होतो का? गेलं की कुरकुर तेवढी करतो आपण.

बाईंचा नियम असा, की काय शोधायचं ते आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच खुर्चीत बसायचं. अर्धा तास मिळणार, तोही गजराच्या घड्याळावर. पान उघडेपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या स्टुलावर पुस्तकं ठेवलेली असत. एक निवृत्त पोस्टमास्तर ग्रहणाच्या वेळा शोधायला बसले, ते त्या स्टुलावरची जाडजूड कादंबरी संपवूनच उठले. तोवर ग्रहण सुटलं होतं.

आता बाईंची चूक. एका वाचकाने शोधलेलं दुसऱ्याने पुन्हा का शोधायचं, असा त्यांचा सवाल. म्हणून सापडलेलं प्रत्येक पान त्या छापून ठेवायच्या. दीडएकशे पानं साचली की गठ्ठा माझ्याकडे. मी कडेला दाभणाने भोकं पाडून शिवायचो, पुठ्ठा चढवायचो आणि वर सोनेरी अक्षरं उठवायचो: 'इंटरनेट, खंड पहिला'. असे अकरा खंड झाले! हसा, मनसोक्त हसा. मीही हसलो होतो. "बाई," म्हटलं, "समुद्र बादलीने उपसताय." त्या म्हणाल्या, "अहो बाइंडर, बादलीभर तरी घरात येईल ना? उद्या समुद्र आटला तर?"

मी स्वतः कधी चिठ्ठी लिहिली नव्हती. एके दुपारी बाईंनी हटकलं, "जगभरचं शिवून देता, तुम्हाला काहीच विचारायचं नाही?" मी चिठ्ठीवर माझ्या दादाचं नाव लिहून दिलं.

इथे घरातलं थोडं सांगावं लागेल. वडील गेल्यावर दादाला आमची बांधणीची खोली विकायची होती. खळीच्या वासाचा त्याला वीट आला होता. माझं डोकं फिरलं. मी मोठ्या भावाला म्हणालो, "जा, पण पुन्हा हा उंबरा चढू नकोस." तो गेला. तेरा वर्षं ना पत्र, ना फोन. चूक माझी होती. हे आज चारचौघांत सांगताना बरं वाटतंय.

तर, दादाच्या नावाने एक पान निघालं. त्यावर फोटो. तेव्हा फोटो वरून खाली, पट्टी पट्टी करत उतरायचा. आधी पांढरे केस दिसले. मी म्हटलं, हा नव्हे. मग कपाळ, मग चष्मा, मग नाक. नाक आमच्या वडिलांचं! आणि तेवढ्यात फोटो तिथेच थांबला, कारण खाली कुणीतरी फोन उचलला होता. अध्यक्षमहोदय, आपण तेव्हा कार्यवाह होता आणि येताना दूध आणू का, हे आपण घरी विचारत होता. बाई जिना उतरून स्वतः आपल्याकडे आल्या होत्या, ते आपण विसरला नसालच.

पुन्हा जोडलं. दादा अख्खा दिसला. आणि पान कशाबद्दल असावं? फाटलेली पुस्तकं घरच्या घरी कशी शिवावीत! माझा चष्मा धुरकटला होता, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. तळाशी लिहिलं होतं, 'हे मी धाकट्या भावाला शिवताना बघून शिकलो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.' मी म्हटलं, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. गजर वाजला. कुणाला एक मिनिट वाढवून न देणाऱ्या बाईंनी घड्याळाला पुन्हा किल्ली दिली आणि विचारलं, "त्यांना काय लिहू?" मी चष्मा पुसला. शेवटी म्हटलं, "लिहा, उंबरा तिथेच आहे."

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तीन महिन्यांनी दादा आला. बाईंनी त्याच्या हातात 'इंटरनेट, खंड तिसरा' ठेवला, कारण त्याचं पान त्यात होतं. त्याने तो उघडला, वाकवून बघितला आणि मला म्हणाला, "शिवण जरा सैल आहे रे." सगळे हसले. मी रडलो. पुढे सात वर्षं त्याचं येणंजाणं राहिलं. मग तो कायमचा गेला. दुसऱ्या वर्षी ज्या कंपनीकडे लोकांना अशी पानं फुकट ठेवता येत, तीही बंद झाली आणि दादाचं पान इंटरनेटवरून पुसलं गेलं. बाईंची बादली तेवढी उरली.

नेमकं त्याच वर्षी मंडळाने निकामी पुस्तकं रद्दीत काढायचं ठरवलं. इंटरनेटचे खंड कोण वाचणार? अकराच्या अकरा यादीत गेले. दहा रद्दीच्या गाडीत चढले. तिसरा सापडला नाही. तो मी पिशवीत घालून घरी नेला होता. ही माझी चोरी. बाईंनी कधी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. मला वाटलं, पचली.

गेल्या आठवड्यात या नव्या ताई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "काका, ताबा घेताना याद्या तपासतेय. एक खंड अठरा वर्षं तुमच्याकडे बांधणीला आहे. कुठवर आलाय?" मी याद्या बघायला गेलो. दरवर्षीच्या मोजणीत, बाईंच्या स्वतःच्या अक्षरात, 'खंड तिसरा' याच्यापुढे एकच शब्द होता: 'बांधणीला'. अठरा वेळा! चुकीचा अनुस्वारही खपवून न घेणाऱ्या या बाईंनी माझ्यासाठी अठरा वर्षं खोटं लिहिलं. बाई, खाली बघू नका. तुमचं हे एवढं एक खोटं मला तुमच्या साऱ्या शिस्तीहून मोठं वाटतं.

जाताना तुमच्या नावावर ते राहू नये, म्हणून हा खंड आणलाय. नवा पुठ्ठा, नवी शिवण. ताई, घ्या, जमा करून घ्या. अध्यक्षमहोदय, मागणं एकच. हा पुन्हा रद्दीच्या यादीत जाऊ नये. आपण शब्द द्याल? काय म्हणता? "मंडळापुढे ठेवू." बरं. मंडळापुढे ठेवलेलं काय होतं, ते मी चाळीस वर्षं बघतोय.

थांबा, ताई काहीतरी म्हणताहेत. जरा मोठ्याने बोला, ताई, मागे ऐकू जात नाही. खंड वाकवून बघताहेत... काय? "काका, शिवण जरा सैल वाटतेय. बांधणीला परत न्यावा लागेल."

बाई, तुम्ही खुशाल निवृत्त व्हा. वाचनालय चांगल्या हातात आहे.

आपण सर्वांनी एका बाइंडरचं इतका वेळ ऐकून घेतलंत, आपले आभार. बोलण्यात एखादा टाका सुटला असेल, कुणाला सुई टोचली असेल, तर उदार मनाने माफ करा. आणि ताई, घाई करू नका. या कामाला वेळ लागतो.